शशिधर कोरे यांच्या विकेट्स

माझं शिक्षण सातवीपर्यंत. तेही गावच्या शाळेत, जिथे चौथी आणि पाचवी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसायच्या. मास्तर एकच. समोर बघावं तर आपला धडा, कान मागे लावावे तर पुढच्या वर्षीचा. त्यामुळे दोन्ही इयत्तांचं अर्धं अर्धं मला आलं, आणि उरलेल्या अर्ध्यावर मी आजतागायत ठाम मतं देत आलो आहे.

पुढे एकतीस वर्षं एस.टी.च्या डेपोत पाट्या रंगवल्या. गाडीच्या कपाळावर गावाचं नाव असतं ना, ते. एकदा माझ्या हातून पुढची पाटी विट्याची आणि त्याच गाडीची दाराजवळची पाटी वाईची रंगवली गेली. कंडक्टर तिकिटं फाडायला लागला तेव्हा अर्धी गाडी एका गावाला निघालेली, अर्धी दुसऱ्या. भांडण मिटेपर्यंत मी रंगाच्या डब्यांमागे बसून होतो. हे सांगायचं कारण, असा माणूस नॉटिंगहॅमला येऊन सर्जन लोकांच्या क्रिकेट क्लबाचा इतिहास ठरवायला बसला, तर पुढे काय होणार याचा अंदाज तुम्हाला आधीच यावा.

इकडे आलो दोन हजार एक साली. मंडळी गेली, तेव्हा मुलगी अनुराधा म्हणाली, अण्णा, आता तिथे एकटे राहू नका. ती इथल्या हॉस्पिटलात भूल देते, जावई परीक्षित हाडांचे डॉक्टर. रविवारी मला घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून परीक्षितरावांनी मला मैदानावर नेलं आणि हातात पेन्सिल आणि स्कोअरबुक दिलं. हात गुंतला की तोंड बंद राहील असा त्यांचा हिशेब होता. तो साफ चुकला, पण मी स्कोअरर झालो तो झालोच.

आमचा क्लब म्हणजे संडे मराठी इलेव्हन. एक्याऐंशी साली हॉस्पिटलातल्या मराठी डॉक्टरांनी काढलेला. कौन्सिलचं मैदान, त्यावर एक लाकडी पॅव्हेलियन, आणि एप्रिल ते सप्टेंबर आसपासच्या खेड्यांतल्या गोऱ्या मंडळींशी मैत्रीचे सामने. दोन हजार सहा साली क्लबाला पंचवीस वर्षं झाली. त्याची बैठक मार्चमध्ये सबनीसांच्या घरी बसली.

डॉक्टर कमलाकर सबनीस म्हणजे क्लबाचे संस्थापक. निवृत्त सर्जन. अंगानं भरलेले, आवाज त्याहून भरलेला. त्यांनी विषय काढला की समारंभात काहीतरी कायमचं करू या. त्यावर आमचा संजय, हा दातांचा डॉक्टर, दोन वर्षं बॉस्टनला राहून आलेला, म्हणाला, "तिकडे बेसबॉलवाले काय करतात, आपल्या टीमच्या शंभर वर्षांतले पाच पिचर निवडतात. पिचर म्हणजे आपला बोलर. आज पहिला, उद्या दुसरा, अशी पाच जणांची फेरी. म्हातारे, मेलेले, सगळे धरून. आणि मग त्यावर जन्मभर भांडतात."

"भांडायला बॉस्टनचं कशाला पाहिजे," अजय म्हणाला. हाही दातांचाच. "आपण घरचे पाच निवडू."

पाच मिनिटांत खोलीत अकरा गोलंदाज निघाले. एकाला फक्त यॉर्कर आठवत होते, एकाला वारा. चंद्रशेखर, हे हृदयाचे डॉक्टर, म्हणाले की माझ्या बोलिंगवर जेवढे झेल सुटले तेवढे मोजले तर पाचही जागा मलाच द्याव्या लागतील. तेव्हा मी, चौथी अधिक पाचवी, घसा साफ करून म्हणालो, "भांडता कशाला? स्कोअरबुकं आहेत ना पंचवीस वर्षांची? ज्याच्या नावावर विकेट जास्त, तो पाचात. पुस्तक कोणाचा जावई नसतं."

हे वाक्य सगळ्यांना फार आवडलं. मला तर इतकं आवडलं की घरी जाताना गाडीत मी ते दोनदा पुन्हा म्हटलं. परीक्षितराव गाडी चालवत होते. तेही बोलिंग टाकतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं असं मी शपथेवर सांगणार नाही.

काम माझ्यावर आलं. मोजायचंही मी आणि पाटीही मीच रंगवायची, पॅव्हेलियनमध्ये लावायला. पाच नावं, पुढे विकेट्सचा आकडा.

त्या बैठकीत एक माणूस होता जो बोलला नव्हता. शशिधर कोरे. अठ्ठावन्न वर्षांचे, किडकिडीत, चष्मा, कोपऱ्यातल्या खुर्चीत अशा बेतानं बसणारे की खुर्चीला वाटावं रिकामीच आहे. मूळ मिरजेचे. तिथे लॅबचं शिक्षण घेऊन एकोणऐंशी साली इकडे आले आणि तेव्हापासून हॉस्पिटलात रक्ताच्या लॅबमध्ये आहेत. क्लबात बाकी सगळे डॉक्टर, हे एकटे नाहीत. अकरा जण डॉक्टरांतूनच भरायचे, म्हणून शशिधरराव कायम बारावे. कोणी आलं नाही तर अकरात, नाहीतर पाणी, सरबत, पट्ट्या, चहाचा थर्मास. मी आलो त्याच्या दोन वर्षं आधी त्यांचा खांदा गेला होता, त्यामुळे त्यांना बोलिंग टाकताना मी पाहिलंच नव्हतं. माझ्या लेखी ते थर्मासवाले.

मी गॅरेजमध्ये टेबल टाकलं, पुस्तकं वर्षवार लावली. पहिल्याच शनिवारी शशिधरराव थर्मास घेऊन हजर.

"कुठवर आलं अण्णा?"

"त्र्याऐंशी."

"हळूहळू चाललंय."

"अक्षर बघा ना तेव्हाच्या स्कोअररचं. डॉक्टरच असणार. औषध लिहिल्यासारखा स्कोअर लिहिलाय."

ते हसले, चहा ओतला, खुर्ची झाडून बसले. मी आकडे वाचायचो, ते ऐकायचे. मधेच म्हणायचे, "सत्त्याऐंशीचा मोसम बरा होता," किंवा "त्या ग्राउंडला उतार आहे, खालून वर टाकायला लागतं." मी म्हणायचो, हो का, आणि त्यावर त्यांना आमच्या गावच्या उताराची गोष्ट सांगायचो, ज्यावरून माझा चुलता बैलगाडीसकट पाटलाच्या अंगणात उतरला होता. असे आठ शनिवार गेले. आठही शनिवारी बोललो मी. त्यांनी ऐकलं. आणि मी लोकांना सांगत होतो की माणूस फार गप्पिष्ट आहे हो.

एका शनिवारी त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. कस्तुरी. पंचवीसची, जन्म इथलाच, ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत असते, वीकेंडला घरी येते. पुस्तकांचा ढीग बघून म्हणाली, "आजोबा, हे सगळा तू मोजतो? बाबाची पण नाव येणार का बोर्डवर?"

"बघू या," मी म्हणालो.

"कसं येणार? बाबा तर ड्रिंक्स आणायचा. मी छोटी होती तेव्हा बघितली ना. ट्रे घेऊन पळत जायचा, सगळे डॉक्टरलोक पाणी प्यायचे, आणि हा परत पळत यायचा. आय वॉज सो एम्बॅरस्ड." आणि बापाच्या दंडावर प्रेमानं एक चापट मारून ती गाडी वळवायला गेली.

शशिधररावांनी थर्मासचं झाकण लावलं. आटे नीट बसेनात, म्हणून पुन्हा काढून लावलं. मग म्हणाले, "तिची आई तिला चहापर्यंत थांबवायची. चहा झाला की पोर कंटाळायची, मग दोघी घरी. त्यामुळे तिनं तेवढंच बघितलंय." जरा थांबून म्हणाले, "पाचात नाव आलं अण्णा, तर तिला एकदा आणून दाखवायचंय. आलं तर. नाही तर तुम्ही मुद्दाम काही करू नका."

इतकं स्पष्ट बोललेला माणूस मी ऐकला, आणि काय केलं? म्हणालो, "पुस्तक कोणाचा जावई नसतं."

जूनमध्ये मोजणी संपली. सबनीस एकशे बेचाळीस. चंद्रशेखर सत्त्याण्णव. अजय नव्वद. संजय एक्याऐंशी. आणि पाचवे, चौसष्ट विकेट्स घेऊन, डॉक्टर परीक्षित गद्रे, माझे जावई. मी ते आकडे तीनदा तपासले. हरलो असतो तर एकदाच तपासले असते. शशिधर कोरे यांच्या नावावर पंचवीस वर्षांत अडतीस.

पाटी मी काळ्या जमिनीवर पिवळ्या रंगात काढली, पूर्वीच्या एस.टी.सारखी. जावयाचं नाव काढताना हात जरा जास्तच लागला. त्यातला 'क्षि' मी आयुष्यात इतका देखणा काढलेला नाही. अनुराधानं त्या दिवशी शिरा केला, आणि परीक्षितरावांनी हॉस्पिटलात दोन रजिस्ट्रारना, म्हणजे हाताखालच्या डॉक्टरांना, आणि एका फिजिओला सांगूनही टाकलं.

शनिवारी शशिधरराव आले. पाटी भिंतीला टेकून वाळत होती. त्यांनी पाचही नावं वाचली, आकड्यांसकट, वरून खाली.

"अक्षर सुरेख आहे अण्णा," ते म्हणाले. कप विसळून ठेवले आणि गेले. पुढच्या शनिवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं टोमॅटोचे दिवस आहेत, माणूस बागेत असेल. अशी माझी समज.

जुलैत सबनीसांकडे जेवण होतं. जेवणानंतर सबनीस आपली ठेवणीतली गोष्ट सांगतात, ती त्यांनी सुरू केली. मी ती पाच वर्षांत नऊ वेळा ऐकलेली. ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, म्हणजे सोमवारच्या सुटीला, जोडून आलेला रविवार, अठ्ठ्याऐंशी साल. हॅडलबी गावाशी सामना. दोनला खेळ सुरू झाला आणि अडीचला त्यांचा ब्लीप वाजला. हल्ली मोबाईल आहेत, तेव्हा डॉक्टरांच्या कमरेला ब्लीप असायचा, तो वाजला की कुठे असाल तिथून हॉस्पिटलला फोन. एका मुलाचं अपेंडिक्स फुटलेलं. सबनीस पांढऱ्या कपड्यांतच धावले. आधीच्या सामन्यात चेंडू पुसून पुसून पँटला लाल डाग पडलेला. तो बघून मुलाची आई मटकन खाली बसली, तिला वाटलं हा आधीच्या पेशंटचा. "आठ वाजता घरी आलो," सबनीस म्हणाले, "तेव्हा कुठे जेवलो."

सगळे हसले. दहाव्यांदा मीही हसणार, एवढ्यात माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं. दुसऱ्याची गोष्ट मी कधी विसरत नाही, कारण पुढेमागे ती स्वतःची म्हणून सांगायची असते. अठ्ठ्याऐंशीचा ऑगस्ट, हॅडलबी. मी घरी येऊन पुस्तक काढलं. आमची फील्डिंग चहानंतर, पाच वाजल्यापासून. सबनीस, सहा विकेट्स.

पाच वाजता माणूस ऑपरेशन थिएटरात होता.

दुसऱ्या दिवशी मी शशिधररावांच्या बागेत. ते टोमॅटोला पाणी घालत होते, कस्तुरी पायरीवर बसून कॉफी पीत होती.

"शशिधरराव, अठ्ठ्याऐंशीला हॅडलबीच्या सहा विकेट्स कोणी काढल्या?"

"पुस्तकात काय आहे?"

"सबनीस."

"मग सबनीसांनी."

"ते तर ऑपरेशन करत होते."

"मग तुम्ही त्यांना विचारा," ते म्हणाले आणि पुढच्या कुंडीकडे गेले. मी परत फिरलो.

कस्तुरी माझ्यामागे फाटकापर्यंत आली. "आजोबा, दोन स्कोअरर असतात ना? आपला एक, त्यांचा एक? मग त्यांची पण बुक असणार ना?"

पाच वर्षं मी दर रविवारी दुसऱ्या बाजूच्या स्कोअररच्या शेजारी, एकाच बाकावर बसून तेच पुस्तक लिहितोय. त्यांच्याही घरी कपाट असेल हे मला सुचायला एक ब्रॅकनेलची पोर लागली.

हॅडलबीच्या स्कोअरर मिसेस हॅलम. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, चाळीस वर्षं त्याच लिहीत आलेल्या. कस्तुरीनं मला गाडीतून नेलं. बाईंनी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटातून, टॉवेलांखालून पुस्तकं काढली. कोरडी राहतात म्हणाल्या. माझं इंग्रजी म्हणजे मी बोललो की समोरचा चहा आणतो, म्हणून बोलणं कस्तुरीनंच केलं आणि मला मराठीत सांगत गेली.

अठ्ठ्याऐंशीचं पान निघालं. तिथेही सबनीसच लिहिलेलं. पण प्रत्येक ओव्हरशेजारी बाईंनी बारीक एल काढलेला.

"हे काय?" कस्तुरीनं विचारलं.

"एल म्हणजे डावा," बाई म्हणाल्या. "तुमची फील्डिंग चहाच्या आधी आली तर डॉक्टर सबनीस उजव्या हातानं टाकायचे. चहानंतर आली तर डाव्या. शिवाय पंचवीस किलोनं कमी व्हायचे. आमचे अंपायर म्हणायचे, सर्जन माणूस, दोन्ही हात चालत असतील."

कस्तुरी हसता हसता थांबली. क्लबात डावखुरा गोलंदाज पंचवीस वर्षांत एकच झाला, हे तिला माहीत नव्हतं. मला क्लबातल्या गप्पांवरून माहीत होतं. मी तिला सांगितलं, तो तुझा बाबा.

प्रकार असा, थोडा बाईंच्या तोंडून कळला, थोडा मागाहून. क्रिकेटचा नियम, बारावा गडी फील्डिंग करू शकतो, बोलिंग नाही. आमचे डॉक्टर रविवारीही ऑन कॉल असायचे. ब्लीप वाजला की गोलंदाज निघाला हॉस्पिटलला. मग जाणाऱ्यानं आपला स्वेटर काढून शशिधररावांना द्यायचा, आणि ह्यांनी त्या स्वेटरात जाऊन त्याच्या नावावर ओव्हरी टाकायच्या. आमचा स्कोअरर डोळे मिटून डॉक्टरांचं नाव लिहायचा. मैत्रीचा सामना, गोऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी आनंदानं हो म्हटलं असतं. पण आपण पडलो पाहुणे. विचारायचं कोणी? नाही म्हणाले तर? त्यापेक्षा स्वेटर बरा. आणि गोऱ्यांना सगळं दिसत होतं, पण पाहुण्यांना टोकायचं कसं म्हणून तेही गप्प. शशिधररावांचा खांदा जाईपर्यंत अठरा वर्षं दोन्ही बाजू एकमेकांचा मान राखत होत्या आणि मधल्यामधे शशिधर कोरे नाहीसे होत होते.

मिसेस हॅलम म्हणाल्या, "तो डावा फार चांगला होता. आमचे लोक चहाला कमी खायचे, पुढे तो आहे म्हणून."

कस्तुरीनं पंचवीस वर्षांची पानं स्वतः उलटली. एल असलेल्या ओव्हरींतली एक एक विकेट बोटानं मोजली. मी पेन्सिल धरून बसलो होतो, पण तिनं ती माझ्या हातातून घेतली. दुसऱ्यांच्या नावावरच्या, डाव्या हाताच्या, सत्तेचाळीस. सबनीसांच्या एकोणतीस, चंद्रशेखरांच्या सहा, आणि बारा डॉक्टर परीक्षित गद्रे यांच्या. अजय-संजयची एकही नाही. दाताच्या डॉक्टरला रविवारी कोण बोलावतंय?

परतताना तिनं गाडी मोठ्या रस्त्याला लावली. मग म्हणाली, "मी रोज चहा झाल्यावर घरी जायची."

"लहान होतीस," मी म्हणालो.

"दॅट्स नॉट द पॉइंट, आजोबा."

अडतीस अधिक सत्तेचाळीस, पंच्याऐंशी. शशिधरराव चौथे. माझे जावई चौसष्टवरून बावन्नवर आणि पाटीवरून खाली. आता हे घरी सांगायचं होतं. एस.टी.तल्या त्या दोन गावांच्या भांडणात मी डब्यांमागे लपलो होतो. इथे लपायला गॅरेज होतं, पण पाटी तिथेच होती.

जेवताना सांगितलं. अनुराधानं पोळी तव्यावर टाकली. "म्हणजे शिरा वाया गेला."

परीक्षितराव म्हणाले, "अण्णा, बारा नसतील. सात-आठ असतील."

"एल आहे तिथे."

"त्या बाईंचं वय किती?"

"डोळे तुमच्यापेक्षा चांगले आहेत. पंचवीस किलोचा फरक त्यांना बाउंडरीवरून दिसत होता."

परीक्षितरावांनी पोळी संपवली. भात घेताना म्हणाले, "दोन हजारच्या आधी ब्लीप वाजला की मला आनंदच व्हायचा, खरं सांगू का. मी निघालो की आपण जिंकायचो." मग अनुराधाकडे न बघता म्हणाले, "फिजिओला कसं सांगू आता?"

"ती हाडांच्या डॉक्टरवर आधीच विश्वास ठेवत नाही," अनुराधा म्हणाली.

सबनीसांकडे मी एकटा गेलो. वाटेत भाषण तयार केलं होतं, त्यात माझ्या चुलत्याचा दाखला होता. ते वापरायची वेळ आली नाही. हॅडलबी एवढंच म्हणालो आणि ते खुर्चीत मागे टेकले.

"कोरे बोलला?"

"नाही. मी विचारलं तर म्हणाले, सबनीसांनी काढल्या."

सबनीस बागेकडे वळले. "पहिल्या वर्षी मी त्याला म्हणायचो, अरे, तुझं नाव लिहायला सांगू. तो म्हणायचा, राहू द्या साहेब, मॅच रद्द होईल. दुसऱ्या वर्षी मी म्हणायचं सोडून दिलं. पुढे पुढे कसं झालं अण्णा, घरी आल्यावर लोक विचारायचे, किती घेतल्या? मी पुस्तकात बघून सांगायचो. सहा. मग त्या सहा मला आठवायलाही लागल्या. एक तर मला अजून दिसते, मधला स्टंप." त्यांनी चष्मा काढला. "उजव्या हातानं दिसते."

मी तर अशा किती गोष्टी स्वतःच्या म्हणून सांगितल्यात.

"पाटी बदला," ते म्हणाले. "आणि का बदलली ते समारंभात मी सांगीन. तुम्ही नको. तुम्ही लांबवाल."

मी पाटी पुन्हा काळी केली आणि पुन्हा रंगवली. सबनीस एकशे तेरा, चंद्रशेखर एक्याण्णव, अजय नव्वद, शशिधर कोरे पंच्याऐंशी, संजय एक्याऐंशी. 'क्षि' गेला, त्याचं थोडं वाईट वाटलं. 'ध'ला तेवढाच जीव लावला.

सप्टेंबरात समारंभ झाला. दुपारची वेळ, पॅव्हेलियन भरलेलं, हॅडलबीहून मिसेस हॅलमही आल्या होत्या. शशिधररावांना काही माहीत नव्हतं. कस्तुरीनं त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावून आणलं होतं, ते सवयीनं चहाच्या टेबलाकडेच उभे. सबनीसांनी फडकं ओढलं आणि सांगितलं. आवाज एरवीपेक्षा खाली, पण एकही शब्द गाळला नाही. स्वेटर, ब्लीप, अपेंडिक्स, सगळं. "माझ्या एकोणतीस विकेट्स कोरेच्या आहेत," ते म्हणाले. "अठरा वर्षं मी त्या जेवणानंतर सांगितल्या. माफी मागतो."

टाळ्या झाल्या. कस्तुरीनं बापाला हाताला धरून पाटीपुढे नेलं. ते वाचायला लागले, तसेच, वरून खाली, आकड्यांसकट. चौथ्या ओळीशी थांबले. चष्मा वर केला, खाली केला. मग मान वळवून मला शोधलं आणि अगदी हळू म्हणाले, "अण्णा, पंच्याऐंशी नाही."

मी घाईनं पुढे झालो. "जास्त झाल्या?"

"पंच्याऐंशी फक्त हॅडलबीच्या धरून. बाकीच्या गावांचं काय?"

बाकीची गावं. हॅडलबी सोडून आम्ही आणखी सात-आठ गावांशी खेळतो. त्यांच्याकडे मिसेस हॅलम नव्हत्या म्हणून मी ती धरलीच नव्हती.

सबनीस जवळ उभे होते, त्यांनी ऐकलं. "किती, कोरे?"

शशिधरराव त्यांच्याकडे बघत राहिले. सबनीसांनी पुन्हा विचारलं, "सांग ना. आता मी बोललोय."

"एकशे अठरा, साहेब."

"म्हणजे माझ्या अजून किती गेल्या?"

"एकवीस. चंद्रशेखर साहेबांच्या सात." मग परीक्षितरावांकडे वळून, अगदी दिलगिरीनं, "तुमच्या पाच."

"माझ्या राहू द्या हो," परीक्षितराव म्हणाले, "मी आता पाटीवर नाही."

सबनीसांनी ओठांतल्या ओठांत वजाबाकी केली. "ब्याण्णव. म्हणजे तू पहिला." त्यांना ते गिळायला थोडा वेळ लागला, हे मी पाहिलं. मग मोठ्यानं, जुन्या आवाजात म्हणाले, "अण्णा, रंग आणलाय का?"

आणला नव्हता. परीक्षितराव गाडी घेऊन घरी गेले आणि डबे घेऊन आले. ज्या पाटीवरून स्वतः उतरले तिच्यासाठी. तोवर शशिधररावांना सगळ्यांनी घेरलं होतं आणि ते साल, गाव, कोणाच्या जागी, किती, असं एकेक सांगत होते, आणि मिसेस हॅलम हॅडलबीचं आलं की मान हलवत होत्या. माझा पूर्ण उन्हाळा, पंचवीस पुस्तकं, चष्म्याचा वाढलेला नंबर. आणि पक्का आकडा आठ शनिवार माझ्यासमोर बसून चहा पीत होता. मी त्याला साखर पुरते का विचारलं, खांदा कसा आहे विचारलं, कोणाच्या विकेट्स तेही एकदा विचारलं, ज्याचं उत्तर साहेबांचं नाव घेतल्याशिवाय देता आलं नसतं. तुमच्या किती, हे विचारलं नाही.

कस्तुरी गर्दीतून पुढे आली. म्हणाली, "बाबा, तू सगळा वेळ मोजत होता?"

"लॅबमध्ये दुसरं काय करतो मी?" शशिधरराव म्हणाले. "पांढऱ्या किती, तांबड्या किती. सवय आहे."

"मला का नाही सांगितलं?"

"कोणाच्या नावावर सांगणार होतो?"

तिनं टेबलावरचे कप बाजूला केले. मी पाटी टेबलावर आडवी घेतली आणि वरची ओळ काळी केली. लोक चहा घेऊन भोवती उभे, आणि मला तीस वर्षांत कधी एवढी गर्दी मिळाली नव्हती, म्हणून त्या उताराची गोष्ट सुरू करणार होतो. पण शशिधरराव पाटीवर वाकून उभे होते. "अण्णा," ते म्हणाले, "आधी आकडा काढा. मग नाव."